आतिजाच्या तोंडातलं पाणी

मोझांबिकचं बेट एवढं चिंचोळं, की दक्षिण टोकाला कुणी शिंकलं तर उत्तर टोकाच्या किल्ल्यातून दुवा मिळते. त्यामुळं शहराच्या वाढदिवशी आतिजा म्हातारी गप्प झाली, ही बातमी तिच्या आधी अख्ख्या समुद्ररस्त्यावर पोचली यात नवल नाही. नवल होतं ते तिच्या गप्प होण्याचं. सत्तर वर्षांत ती बाई झोपेतसुद्धा गप्प बसली नव्हती. तिचा नवरा, अल्ला त्याचं भलं करो, कानात कापूस घालून झोपायचा, आणि पुरला तोही तसाच.

आतिजा निघाली होती घाईघाईनं, अनवाणी, समुद्राकडच्या दगडी कठड्याला धरून. गाल फुगलेले, ओठ गच्च मिटलेले, डोळे रात्रभर न मिटलेले. एक हात सारखा हनुवटीखाली. समोरचे दोन दात पडलेले, आणि त्या खिंडीतून तोंडातलं पाणी वाट शोधत होतं.

पाणी घरचंच होतं, उंबऱ्याजवळच्या रांजणातलं. तिच्या आईच्या आईपासून त्या घरातली ही रीत. घरातल्या थोरलीनं रागाच्या भरात कुणाला वाईट शब्द दिला आणि तो परत घ्यायचा झाला, तर दुसऱ्या कुणाला पाठवून चालत नाही. सकाळी उठायचं, कुणाशी अक्षर बोलायच्या आधी रांजणातलं पाणी तोंडात धरायचं, आणि ज्याला शब्द दिला त्याच्या डोक्यावर त्याच तोंडानं फवारायचं. मध्येच गिळलं तर शब्द पोटात मुरतो. थुंकलं तर मातीत रुजतो. आणि बोललं तर मग काय, दुसरा दिवस उजाडायची वाट बघा. आतिजाकडं दुसरा दिवस नव्हता. दुपारी भरती भरली की सुमैलचं गलबत सुटणार होतं, आणि त्यात तिची नात नेमा होती.

शब्द दिला होता परवा, विहिरीवर, चाळीस बायकांसमोर.

नेमाचं लग्न होऊन वर्ष झालेलं. रीतीप्रमाणं नवरा सुमैल आतिजाच्या घरी येऊन राहिला होता. बेटावर असंच असतं. घर बाईचं, नवरा येतो, राहतो, भांडला तर चटई उचलून जातो. पण सुमैलची आई तिकडं मेंबा गावी अंथरुणाला खिळली, आणि हा उठला तो बायकोलाच घेऊन निघाला. मेंबाच्या रस्त्यावर तेव्हा बंदूकवाले बसलेले. जायचं ते समुद्रानंच.

"बाई घर सोडत नाही," आतिजा म्हणाली होती.

"आजी, सहा महिन्यांचाच प्रश्न आहे," नेमा म्हणाली.

"कोंबडीपण असंच सांगून खुराड्याबाहेर पडते."

"मग मी कोंबडी. पण जाणार."

त्यावर आतिजाची जीभ सुटली. "जा! पण माझ्या जिभेनं सांगते, हा समुद्र तुला मेंबाचा किनारा दाखवणार नाही!"

विहिरीवरच्या चाळीस घागरी एकदम गप्प झाल्या. कारण आतिजाची जीभ काय चीज आहे हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत कसं? तिनंच सांगितलेलं! एका आगबोटीच्या कप्तानानं तिच्या बापाला शिवी दिली, तर हिनं नुसतं "बुड" म्हटलं, आणि आगबोट भोंग्यासकट खाली गेली. अजून ओहोटीला तिचा धूर निघतो. एका गव्हर्नरानं हिचा मासा फुकट उचलला, तर त्याच्या डोक्यावरचे केस रातोरात मिशीत उतरले. अशा गोष्टी आतिजा पन्नास वर्षं सांगत आली, आणि बेट ऐकत आलं. आतिजाला मात्र पक्कं ठाऊक होतं की ती आगबोट तिनं पाहिलीसुद्धा नव्हती.

एकच शब्द तिचा खरा ठरला होता, आणि ती गोष्ट तिनं कधीच कुणाला सांगितली नाही. नेमा दोन वर्षांची असताना नेमाची आई, आतिजाची एकुलती एक लेक, भांडून खाडीपलीकडं निघाली होती. "परत येऊ नकोस," असं आतिजा तिच्या पाठीमागं ओरडली. होडी उलटली. लेक परत आली नाही.

म्हणून काल दिवसभर ती हट्टानं घरात बसली आणि रात्रभर छपराच्या झावळ्या मोजत पडली, आणि सकाळी, नेमा गलबतावर जाऊन बसल्याचं कळल्यावर, रांजणाकडं धावली.

समुद्ररस्ता गच्च भरलेला. शहराचा वाढदिवस म्हणजे कुणी घरात राहात नाही, आजारी माणूससुद्धा चटईसकट कठड्यावर आणून ठेवतात. बायकांच्या तोंडावर मुसिरोचा पांढरा लेप, एकसारख्या कापुलाना नेसलेल्या टोळ्याच्या टोळ्या, डफ तापवायला पेटवलेल्या शेकोट्या, तळणातलं माकूळ, भाजके कंद. मशिदीपाशी पोचेपर्यंत आतिजाला अकरा जणांनी अडवलं.

"आजी, उपास का आज?"

"अगं, उपासाला पोट बंद असतं, हिचं तोंड कसलं बंद होतंय!"

"गाल बघ, गाल! आजी, आख्खी पपई घातलीस का तोंडात? आम्हाला पण दे."

"मूग गिळून बसलीय म्हातारी."

गिळून! आतिजाच्या घशानं नुसत्या त्या शब्दानं आवंढा गिळायची तयारी केली. तिनं मान ताठ केली, दोन्ही हातांनी गर्दी बाजूला सारली, धक्क्याकडं बोट दाखवलं.

"हो हो, धक्क्यावर होड्यांची शर्यत आहे, माहितीये आम्हाला. तिसऱ्या प्रहरी आहे. बस की!"

कठड्यावर पाय सोडून बसली होती सिफा. ही आतिजाच्याच वयाची, एकाच वर्षी दोघींचे कान टोचलेले, आणि तेव्हापासून दोघींचं वैर. सिफाला आतिजाचं गप्प तोंड दिसलं आणि तिच्या डोळ्यांत दिवा लागला. चालून आलेली संधी सोडेल ती सिफा कसली!

"अरे, या या, बसा," तिनं आजूबाजूच्यांना बोलावलं. "आज खरं काय ते सांगते. तो देवमासा आठवतोय ना? दुष्काळाच्या वर्षी किनाऱ्याला लागलेला? तो हिच्या हाकेनं आला, असं ही सांगते. थापा! तो माझ्या हाकेला आला. मी नाव घेऊन बोलावला. आणि जाताना आरबीत आभार मानून गेला."

आतिजा जागच्या जागी थांबली. कानातून वाफ निघाली असती, इतकी तापली. देवमासा तिचा होता! पस्तीस वर्षं तिनं त्याला सांगून सांगून मोठा केला होता. आधी हातभर होता, आता मशिदीएवढा झाला होता. आणि आरबीत? पोर्तुगीजमध्ये बोलला होता तो, पोर्तुगीजमध्ये! शब्द घशात येऊन उभा राहिला, दाताच्या खिंडीतून एक धार सटकन बाहेर आली आणि हनुवटीवरून गळ्यात उतरली.

"बघा," सिफा म्हणाली, "नाही म्हणतेय का? नाही ना? मग झालं तर."

आतिजानं डोळे मिटले. नेमा. नेमा. नेमा. मग तिनं सिफापुढं मान हलवली. हो, तुझाच मासा. आणि चालायला लागली.

सिफाचं हसू तिथंच विझलं. "अगं ए," ती हळूच म्हणाली, "हिला काहीतरी झालंय."

पण आतिजा तोवर गर्दीत शिरली होती. इस्पितळाचे पांढरे खांब मागं पडले, लाल राजवाडा समोर आला, आणि त्याच्यापुढच्या चौकात, जिथून धक्का दोनशे पावलांवर, तिचं नशीब फुटलं. तिथं वाद्यांच्या गोल चौथऱ्यावर भोंगा घेऊन अर्लिंदो उभा होता, नगरपालिकेचा.

"आली! आली!" भोंगा गरजला. "दरवर्षीप्रमाणं, आपल्या शहराचा मान, आपली आतिजा आजी, आपल्याला गोष्ट सांगणार! द्या वाट!"

वाट कसली, माणसांनी तिला उचललीच. ती पाय झाडत होती, मान हलवत होती, आणि लोकांना वाटलं म्हातारी नखरे करतेय. चौथऱ्यावर उभी केली. समोर पाचशे माणसं खाली बसली, पोरं मांडीवर घेतली. आणि त्या पाचशे डोक्यांच्या पलीकडं आतिजाला दिसलं, धक्क्याला सुमैलचं गलबत, आणि त्याचं शीड चढायला लागलेलं.

तिनं दोन्ही हात गलबताकडं केले.

"गलबत!" लोक ओरडले. "गलबताची गोष्ट आहे!"

तिनं छातीवर हात मारला, मग हवेत लहान पोर जोजवलं, मग हात जोडले.

"गलबतात बाळ! आणि बाळ कुणाचं? गव्हर्नराचं?"

"मुकी गोष्ट सांगतेय आज! नवीन काढलंय आजीनं!"

"आणि गाल फुगवलेत ते कशाला? फुगा मासा आहे का तो?"

आतिजा रडायला लागली. खरंच रडली, तोंड मिटून, नाकानं श्वास घेत, खांदे गदगदा हलवत. पाणी नाकात चढलं, डोळ्यांपुढं काळोखी आली. समोरच्या बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. "काय रडते गं! अस्सल!" टाळ्यांवर टाळ्या. अर्लिंदो भोंग्यातून म्हणाला, "असा मासा आजवर कुणी रडून दाखवला नव्हता!"

दूर धक्क्यावर ढोल वाजला, दोर सोडायचा ढोल.

आतिजा चौथऱ्याच्या मागच्या कडेला बसली आणि घसरगुंडीवरच्या पोरासारखी खाली सरकली. कापुलाना खिळ्याला अडकून टर्रकन फाटली. ती उठली आणि पळाली. सत्तर वर्षांची बाई पळते म्हणजे काय, तर आधी श्वास पळतो, मग छाती, सगळ्यात मागून पाय.

धक्क्याच्या अलीकडं समुद्रात उतरणाऱ्या जुन्या पायऱ्या आहेत. त्यांच्यावरून एके काळी माणसं बांधून जहाजात चढवली, ती परत आली नाहीत. तिथून जाताना बेटावरची म्हातारी माणसं थांबतात, घरातलं गेलेलं एक नाव घेतात, मग पुढं पाय टाकतात. आतिजानं उभ्या जन्मात तो नेम मोडला नव्हता. आज तिनं नाव मनात घेतलं. लेकीचं. आणि न थांबता ओलांडून गेली. जाताना पाठीला गार वारा लागला, तो नुसता वाराच असेल.

धक्का रिकामा होता. खुंट्याला दोराची ओली खूण राहिली होती.

"आत्ताच सुटलं, आजी," हमाल मोमादे म्हणाला. "पोरगी तुझी वाट बघत होती. तीनदा सुमैलला थांबवलं तिनं. शेवटी पाणी उतरायला लागलं, मग काय करणार? आणि त्यांचा एक खलाशी ऐन वेळी उतरून पळाला. म्हणाला, म्हातारीच्या शब्दाखाली मी नाही येत. एक माणूस कमी घेऊन गेलेत. आता वाऱ्यानं साथ दिली तर ठीक."

एक माणूस कमी. म्हणजे शब्द कामाला लागला होता. आभाळातून नव्हे, खाऱ्या पाण्यातून नव्हे. तिनं पन्नास वर्षं सांगितलेल्या गोष्टींतून एक खलाशी घाबरला होता, आणि वादळात शीड धरायला दोन हात कमी पडणार होते. मागच्या वेळी तरी ती म्हणू शकत होती की शब्द काय आणि होडी काय, योगायोग. आता?

गलबत बेटाला वळसा घालून, किल्ल्याच्या टोकावरून बाहेरच्या समुद्रात जातं. टोकाशी जुन्या चर्चच्या खाली खडकांची जीभ पाण्यात गेलीय, तिच्या जवळून. एवढंच शिल्लक होतं.

किल्ल्याच्या भिंतीखालून ती कशी गेली ते तिचं तिला आठवलं नाही. दगड तापलेले, तळवे कापलेले, तोंड मिटलेलं. खडकावर पोचली तेव्हा शीड टोकाशी आलंच होतं. ती पाण्यात शिरली. गुडघे, कंबर, छाती. लाट आली की पायाखालचा खडक जायचा, लाट गेली की परत यायचा. गळ्याएवढ्या पाण्यात तिनं दोन्ही हात वर केले.

गलबत साठेक हातांवरून चाललेलं. नेमा कडेला उभी होती. तिनं पाहिलं. "आजी!" ती ओरडली. "सुमैल, आजी!"

जवळ येणं शक्य नव्हतं, खडक फोडून काढतील हे सुमैलला ठाऊक होतं. त्यानं शीड सैल सोडलं, एवढंच. गलबत घुटमळलं. साठ हात. एवढ्या लांब फवारा कसा जाणार? तरी वारा दक्षिणेचा होता, आतिजाच्या पाठीमागून नेमाच्या तोंडावर जाणारा. नेईल वारा एक थेंब. एक थेंब पुरे. आतिजानं छाती भरून श्वास घेतला, गाल आवळले आणि फुंकर मारली.

काही आलं नाही.

तोंड कोरडं होतं. जीभ टाळूला चिकटलेली. दाताच्या खिंडीतून, सिफापाशी, चौथऱ्यावर, पळताना, थेंब थेंब करत सगळं पाणी केव्हाच गेलं होतं. किती गळलं, किती गिळलं, कोण सांगणार? ती रिकामं तोंड मिटून अर्धं बेट पळाली होती.

आता तोंडात होते ते फक्त शब्द.

"खोटं!" आतिजा ओरडली. आवाज फुटला, घोगरा, पाण्यावर आपटत गेला. "नेमा! सगळं खोटं! आगबोट मी नाही बुडवली! मी ती बघितली पण नाही! गव्हर्नर टकलाच होता, आईच्या पोटातून टकला! माझ्या जिभेत काही नाही, गं! नुसतं मांस आहे! ऐकतोस का सुमैल? खलाशांना सांग! आतिजा थापाडी आहे! पन्नास वर्षं थापा मारल्या!"

मागं खडकावर माणसं जमली होती. चौकातली निम्मी गर्दी गोष्टीचा शेवट बघायला पाठोपाठ आली होती. कुणीतरी म्हणालं, "हे काय भलतंच बोलते? आता खोटं बोलतेय ही." पण हसलं कुणी नाही.

"आणि तुझी आई!" आतिजाच्या तोंडात लाट शिरली, तिनं ती थुंकली. "तुझी आई वाऱ्यानं गेली! वाऱ्यानं! माझ्या बोलण्यानं नाही!"

हे खरं होतं की पन्नास वर्षांतली सगळ्यात मोठी थाप, तिला स्वतःला माहीत नव्हतं. पहिल्यांदाच ते तोंडाबाहेर पडलं होतं.

नेमा कडेवरून इतकी वाकली की मागून एका खलाशानं तिची कापुलाना धरली.

"मला ठाऊक होतं!" ती ओरडली. "सात वर्षांची असल्यापासून ठाऊकय! सगळ्या थापाच आहेत म्हणून!"

"मग?"

"मग आता माझी मार की एक! मी पोचले अशी मार! जोरात! सगळ्यांना ऐकू जाऊ दे!"

सुमैलनं शीड ओढून धरलं. वारा भरला. गलबत पुढं सरकलं.

आणि आतिजानं सुरुवात केली. गळ्याएवढ्या पाण्यात, लाट आली की टाचा उंच करून, लाट गेली की श्वास घेऊन. "पोचली! नेमा मेंबाला पोचली! समुद्रानं गलबत तळहातावर घेतलं आणि अलगद वाळूवर ठेवलं, पाऊल भिजू दिलं नाही! किनाऱ्यावर सासू उभी, माडाएवढी उंच, दुखणं कुठल्या कुठं! काखेत मताप्याच्या भाजीचं पातेलं, एवढं मोठं की त्यात ढवळायला होडीचं वल्हं लागतं! सासू म्हणते, ये बाई, घर तुझं, मीच पाहुणी! आणि सुमैल? सुमैल चटई घेऊन दाराबाहेर उभा, आत येऊ का म्हणून विचारतोय!"

गलबतावरून हसण्याचा आवाज आला, एकाचा की दोघांचा. मग वाऱ्यानं तो पलीकडं नेला. मग फक्त शीड राहिलं, मग शिडाचं टोक.

आतिजा थांबली नाही. थांबायचं कसं? नेमा अजून वाटेत होती. तिनं गोष्टीत सामान उतरवलं, एकेक गाठोडं. घर झाडलं. विहिरीवर नेऊन तिथल्या बायांशी भांडण करवलं आणि नेमाला जिंकवलं. आवाज चिरत चिरत नुसती खरखर उरली, दात वाजायला लागले, आणि उतरत्या पाण्यानं आता छाती उघडी पडली होती.

मागून कुणीतरी पाण्यात शिरलं. सिफा. कापुलाना गुडघ्यावर बांधून, शिव्या देत खडक चाचपडत.

"बाहेर ये, गं. दिसत नाही आता."

आतिजानं मान हलवली. आणखी एक शब्द काढायला तोंड उघडलं, तर काहीच आलं नाही. आवाज संपला होता. तिनं सिफाकडं पाहिलं. लेक गेली त्या दिवशी जसं पाहिलं होतं तसं, आणि त्या दिवशीही जवळ ही सिफाच होती.

सिफानं नाक पुसलं. मग रिकाम्या समुद्राकडं तोंड केलं आणि घसा साफ केला.

"आणि गलबताच्या पुढं," ती मोठ्यानं म्हणाली, "वाट दाखवत कोण चाललंय? तोच तो देवमासा! मशिदीएवढा! एक खलाशी कमी पडला ना, म्हणून आला. शिडाचा दोर दातात धरून ओढतोय, आणि सारखा आरबीत दुवा म्हणतोय."

आतिजानं तिचा दंड घट्ट धरला. दोनदा ओठ हलले, आवाज आला नाही. तिसऱ्यांदा आला, इतका बारीक की सिफाला कान जवळ न्यावा लागला.

"पोर्तुगीजमध्ये."

"बरं, पोर्तुगीजमध्ये," सिफा म्हणाली, आणि पुढं सांगायला लागली.